ऑनलाइन व्हिडिओ घरी ठेवायचा तर

व्हिडिओ पाहताना लाल रेघेच्या पुढे एक करडी पट्टी सरकत असते. तेवढा भाग आपल्या संगणकात आधीच येऊन पडलेला असतो. म्हणजे ऑनलाइन पाहणे हेही डाउनलोडच; फक्त पाहून झालेला भाग ब्राउझर टाकून देतो. मग तो जपून ठेवायला अडचण कसली?

अडचण अशी, की व्हिडिओ एकसंध फाइल म्हणून येतच नाही. ॲपलने २००९मध्ये एचएलएस ही पद्धत आणली. २०१२मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक आले. दोन्हींत अख्खा कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती सर्व्हरवर तयार असतात. प्लेअरला आधी तुकड्यांची यादी मिळते. नेटचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा, हे तो ठरवतो. एसटीत व्हिडिओ पाहताना घाटात चित्र धूसर होते आणि गाव जवळ आले की लख्ख होते, ते यामुळेच. पुष्कळदा चित्र आणि आवाजही वेगवेगळे येतात. वायटी-डीएलपीसारखी साधने ही यादी वाचून सगळे तुकडे उतरवतात आणि एफएफएमपेग हा मोफत प्रोग्राम ते जोडून एक फाइल करतो. नुसते जोडायचे असल्यास दर्जा जराही घटत नाही.

मात्र उतरवता येते म्हणून उतरवावे, असे नाही. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी दिलेल्या सोयीबाहेर डाउनलोड करायला परवानगी लागते. चित्रपट-मालिकांच्या ॲपवरचे तुकडे तर कुलूपबंद असतात. प्रताधिकार मोडण्यासाठी असे कुलूप तोडणे हा २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यातही गुन्हा आहे. ॲपमधले ‘डाउनलोड’ त्या ॲपपुरतेच. वर्गणी संपली की तेही संपते.

उघडपणे घेता येईल असेही पुष्कळ आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची एनपीटीईएल व्याख्याने उतरवून घेता येतात. ज्या गावात संध्याकाळी नेट रांगते, तिथल्या विद्यार्थ्याला ती पेनड्राइव्हवर मिळणे फार मोलाचे आहे. इंटरनेट अर्काइव्हवर प्रताधिकार संपलेले जुने चित्रपट डाउनलोडच्या दुव्यासह असतात.

मला खरी काळजी वाटते ती आपणच चढवलेल्या व्हिडिओंची. शाळेचे स्नेहसंमेलन, गावच्या सप्ताहातले कीर्तन, आजीच्या ओव्या यूट्यूबवर टाकायच्या आणि जागा हवी म्हणून फोनमधून पुसायच्या, हे घरोघरी चालते. खाते बंद पडले की सगळेच जाते. गूगल व्हिडिओ ही गूगलची स्वतःची सेवा. २०११मध्ये तिच्यावरचे व्हिडिओ उतरवून घ्या, असे लोकांना सांगण्याची वेळ आली. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ परत घेता येतो, पण तो ७२० किंवा ३६० पिक्सेलच्या दर्जाचा. सगळे एकदम हवे असतील तर गूगल टेकआउट वापरावे. फोनमधली मूळ फाइल शिल्लक असेल, तर सर्वांत चांगली प्रत तीच.

जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तासाभराचा व्हिडिओ सव्वादोन जीबी होतो. ५०० जीबीच्या डिस्कवर दोनशेहून अधिक तास मावतात. डिस्क दोन घ्याव्यात, दुसरी नातेवाइकाकडे ठेवावी आणि फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि गाणाऱ्या बाईंचे नाव लिहावे.