कॅमेऱ्यातून छायाचित्र परगावी जाते तेव्हा

लग्न मडगावला आणि वधूचा भाऊ मस्कतला, हा प्रसंग आपल्याकडील कुटुंबांना नवा नाही. विधी आटोपतो न आटोपतो तोच त्या भावाला छायाचित्रे पाहावयाची असतात. आजचा डिजिटल कॅमेरा ती जागच्या जागी पाठवू शकतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याला काही गोष्टी आधी नीट सांगून ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या, आणि त्यांत हयगय झाली तर काय हरपते, याचा आज विचार करू.

कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली, हाती उचलून नेता येईल असा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्याच्या चार वर्षे आधी, १९७१ साली, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल नेण्याचे नियम अभय भूषण यांनी लिहून काढले होते. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या नियमांना ‘एफटीपी’ असे नाव आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरतात त्या कॅमेऱ्यांत हीच पद्धत, सुधारलेल्या रूपांसह, आजही आढळते. साध्या कॅमेऱ्यांत हे काम बहुधा मोबाइलमधील ॲप करते.

प्रथम मार्गाचा विचार. कॅमेरा वाय-फायला जोडताना बहुधा दोन पर्याय दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून दूरवर पोचतात, पण तेथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु त्यांचा पल्ला कमी. दुसरे असे की, अनेक सभागृहांच्या वाय-फायवर आधी एक पान उघडून आपले नाव किंवा फोन क्रमांक भरावा लागतो. पुष्कळ कॅमेऱ्यांना असे पान उघडताच येत नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणे श्रेयस्कर. कॅमेऱ्याचा आयपी पत्ता ‘स्वयंचलित’ ठेवावा. तो हाताने भरला आणि तोच क्रमांक दुसऱ्या उपकरणाला मिळालेला असला, तर दोघांचीही अडवणूक होते.

यानंतर मुक्कामाचा पत्ता. ज्या संगणकाकडे चित्रे जावयाची त्या सर्व्हरचे नाव, पोर्टचा क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, सांकेतिक शब्द आणि फोल्डर एवढे भरावे लागते. येथेच ‘पॅसिव्ह’ नावाची एक खूण असते. ती चालू नसेल, तर चित्र स्वीकारण्यासाठी सर्व्हर उलट दिशेने कॅमेऱ्याशी जोडणी करू पाहतो, आणि वाटेतला राउटर त्याला परका समजून अडवितो. ती चालू केली म्हणजे दोन्ही जोडण्या कॅमेराच करतो, आणि अडथळा बहुधा दूर होतो.

साधी एफटीपी म्हणजे उघडे पोस्टकार्ड होय. तीत सांकेतिक शब्दसुद्धा उघडाच जातो. म्हणून कॅमेऱ्यात ‘एफटीपीएस’ किंवा ‘एसएफटीपी’ असा पर्याय असेल, तर तोच निवडावा. हे पाकीट बंद असते. साध्या एफटीपीचे पोर्ट सामान्यतः २१ आणि एसएफटीपीचे २२, हा भेद ध्यानात ठेवावा. एफटीपीएसमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत पाहिली जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ काही वर्षे मागे राहिले असेल, तर चांगले प्रमाणपत्रही नाकारले जाते. तेव्हा जोडणी होईना, तर तारीखही तपासावी.

आता ओझ्याचा हिशेब. एक जेपेग चित्र १० मेगाबाइटचे धरले, तर ५०० चित्रांचे ५,००० मेगाबाइट होतात. पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर त्यांना ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागेल. कच्ची, म्हणजे ‘रॉ’ चित्रे याच्या तिप्पट मोठी धरली, तर तीन तासांहून अधिक. म्हणून ‘फक्त जेपेग पाठवा’ हा पर्याय निवडावा, रॉ चित्रे कार्डावरच राहू द्यावीत, आणि शक्य तेथे निवडक चित्रेच धाडावीत. पाठवणी चालू असता कॅमेरा आपोआप झोपी जाऊ नये म्हणून त्याची बंद होण्याची मुदत वाढवावी, आणि जादा बॅटरी जवळ ठेवावी.

सर्वांत घातक गोष्ट मात्र नावाची आहे. चित्राच्या नावात चार आकडे असतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. एकाच लग्नात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले, तर दोघांतूनही त्याच नावाची दोन चित्रे निघू शकतात. सर्व्हरवर ती एकाच फोल्डरात गेली आणि ‘जुने पुसून नवे ठेवा’ अशी सोय चालू असली, तर वराचे चित्र येते आणि वधूच्या आईचे कायमचे जाते, तेही मुकाट्याने. अनेक कॅमेऱ्यांत नावाची पहिली अक्षरे बदलता येतात. दोन कॅमेऱ्यांना दोन निराळी अक्षरे द्यावीत, किंवा दोघांना दोन फोल्डर द्यावेत.

आणखी एक गोष्ट. चित्रासोबत ते कोठे टिपले याची नोंदही जाऊ शकते. मुलाबाळांची चित्रे सर्वांसमोर जावयाची असतील, तर स्थानाची ही नोंद आधी बंद करावी. कॅमेरा विकताना किंवा उसना देताना त्यातील पत्ते आणि सांकेतिक शब्द पुसून टाकावेत.

सारांश हा की, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘पाठविले’ असे दिसले, एवढ्यावर विसंबू नये. समोरच्या टोकाला चित्रे मोजावीत, दोनचार उघडून पाहावीत, दुसरी प्रत करावी, आणि मगच कार्ड पुसावे. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. लग्न मात्र छायाचित्रांसाठी पुन्हा लावता येत नाही.