जनावरांची उपजत बुद्धि आणि शिक्षण

रोवणीच्या दिवसांत दवनीवाड्याकडील धानाच्या शिवारांत फिरणाऱ्यास दोन गोष्टी जवळजवळ दिसण्याचा संभव असतो. एका बांधींत नवा गोऱ्हा प्रथमच जुवाखालीं घातलेला असतो. तो अडतो, चिखलांत बसतो, आणि धनी त्यास तुतारी टोंचतो. पलीकडे सारसांची जोडी पाण्यांत गवत व काड्या रचून घरटें घालीत असते. तिला हें काम कोणी शिकविलेलें नसतें. गोऱ्ह्यास मात्र सर्व शिकवावें लागतें. उपजत काय आणि शिकलेलें काय, हा भेद नीट न ओळखल्यामुळें पुष्कळ चांगले बैल नाठाळ ठरतात व पुष्कळ गाई दूध चोरतात. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

जें वर्तन त्या जातीच्या सर्व प्राण्यांत शिकविल्यावांचून दिसतें, तें उपजत होय. नुकतें जन्मलेलें वासरूं धडपडत उभें राहून आईची कांस शोधूं लागतें. बदकाचीं अंडीं कोंबडीखालीं उबविलीं, तरी पिलें पाणी दिसतांच त्यांत शिरतात आणि कोंबडी कांठावर ओरडत राहते. अशा वर्तनांत विचाराचा भाग किती थोडा असतो, हें लोरेन्झ व टिंबर्गेन या शास्त्रज्ञांनीं १९३८ सालीं रानटी हंसीच्या निरीक्षणानें दाखविलें. घरट्याबाहेर गेलेलें अंडें ती चोंचीनें आंत ओढते. पण ओढण्यास आरंभ झाल्यावर अंडें मध्येंच काढून घेतलें, तरी ती रिकामी चोंच तशीच शेवटपर्यंत ओढीत नेते. या अभ्यासाबद्दल त्या दोघांस, तसेच मधमाश्यांची भाषा उलगडणाऱ्या फॉन फ्रिश यांस, १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उपजत बुद्धि व शिक्षण यांच्या सीमेवरील एक प्रकार आपल्या भागांत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. हंस, बदक, सारस यांचीं पिलें अंड्यांतून निघाल्यावर लौकरच चालूं लागतात. कोणाच्या तरी मागें जावें ही ओढ उपजत असते. परंतु कोणाच्या मागें, हें तीं पहिल्या दिवसांत जें समोर दिसेल त्यावरून शिकतात. लोरेन्झ यांच्यामागें हंसाचीं पिलें आईच्या मागें जावीं तशीं धांवत. अमेरिकेंत दुर्मिळ क्रौंच पक्ष्यांचीं पिलें वाढविणारे लोक याच कारणास्तव पांढरा झगा घालून आपलें मनुष्यरूप झांकतात. महाराष्ट्रांत सारस आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरले आहेत. मादी बहुधा दोन अंडीं घालते व नरमादी आळीपाळीनें सुमारें महिनाभर तीं उबवितात. आपल्या बांधींत घरटें आढळल्यास तें हलवूं नये, भोंवतालचें थोडें धान तसेंच राखावें, कुत्र्यांस दूर ठेवावें, आणि पिलूं दयेपोटींहि घरीं आणूं नये. माणसामागें वाढलेलें पिलूं सारसांच्या संसारास मुकतें.

आतां शिकण्याकडे वळूं. पहिला प्रकार सरावण्याचा. एकच भीति वारंवार दाखविली आणि तींतून अपाय झाला नाहीं, तर जनावर तिची पर्वा सोडून देतें. महिनाभर एकाच जागीं उभ्या असलेल्या बुजगावण्याजवळ पांखरें निर्धास्त चरतात, तें याच कारणानें. तेव्हां बुजगावण्याची जागा व रूप वरचेवर बदलावें.

दुसरा प्रकार खुणेचा. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनीं दाखविलें कीं, अन्न देण्यापूर्वीं नेहमीं एकच खूण केली, तर पुढें त्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते. गाईचा पान्हा असाच आहे. वासरानें ढुशी दिली कीं मेंदूच्या तळच्या एका ग्रंथींतून रस सुटतो व दूध उतरतें. पुढें कासंडीचा आवाज व ओळखीचा हात एवढ्यानेंहि तें घडतें. हा परिणाम थोडीं मिनिटेंच टिकतो, म्हणून धार झटपट काढावी. भ्यालेल्या गाईच्या अंगांत याच्या उलट रस सुटून पान्हा अडतो. अशा गाईस मारणें म्हणजे तिनें चोरलेलें दूध अधिकच चोरावयास लावणें होय.

तिसरा प्रकार फळाचा, आणि गोऱ्ह्याचें सारें शिक्षण यांत येतें. ज्या कृतीनंतर लगेच सुख मिळतें ती जनावर पुन्हा करितें. गोऱ्हा बसला म्हणून वैतागून जूं काढलें, तर बसलें म्हणजे विश्रांति मिळते, एवढेंच तो शिकतो. पहिले धडे लहान असावे, सोबतीस जुना शांत बैल असावा, आणि गोऱ्हा चार पावलें नीट चालला असतांनाच जूं उतरावें. त्यानें पाऊल उचलतांच कासरा सैल सोडावा. ती सैलच त्याचें बक्षीस. शिक्षा उशिरा झाली, तर ती कशाबद्दल हें त्यास कळत नाहीं. तो केवळ मारणाऱ्या हातास भिऊं लागतो. शिवाय गुरांस दोहों बाजूंचें पुष्कळ दिसतें, पण अगदीं पाठीमागचें दिसत नाहीं. मागून अचानक गेल्यावर बसणारी लाथ ही खोडी नव्हे, उपजत बचाव आहे. बाजूनें, आवाज देत जावें.

तात्पर्य, जें उपजत आहे त्यावर राग धरून उपयोग नाहीं. त्यास सोय करून द्यावी. आणि जें शिकलेलें आहे, तें बहुधा आपणच नकळत शिकविलेलें असतें. बैल नाठाळ निघाला असें म्हणण्यापूर्वीं, त्यानें आपल्यापासून काय घेतलें याचा प्रत्येकानें एकदां विचार करावा.