तीन तासांचे विमान, तीन महिन्यांची तयारी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या मनात ‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर युरोपातील एखादे शहरही पाहावे’ हा विचार हमखास डोकावतो. भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटाची राजधानी व्हॅलेटा हा त्यासाठी उत्तम पर्याय आहे. लंडनहून विमानाने तेथे सुमारे तीन तासांत पोहोचता येते, शिवाय इंग्रजी ही तेथील अधिकृत भाषांपैकी एक आहे. प्रवास छोटा असला तरी भारतीय पारपत्रधारकांसाठी त्याची तयारी मात्र मोठी आहे.

आधी व्हिसा, मग तिकीट

ब्रिटनचा व्हिसा माल्टात चालत नाही. माल्टा २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेन क्षेत्रात असल्याने स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जदार ज्या देशात कायम राहतो, तेथूनच साधारणपणे त्यासाठी अर्ज करावा लागतो. ‘लंडनला पोहोचल्यावर पाहू’ असे म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांची फसगत होते ती येथेच. त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच हा व्हिसा घ्यावा. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिक मुलाने मात्र तेथूनच अर्ज करायचा असतो. मुलाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असल्यास छोट्या सहलीसाठी त्याला व्हिसाची गरज नाही. लंडनला परतायचे असल्याने ब्रिटनचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री करावी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयास साधारण १५ दिवस, तर काही प्रकरणांत ४५ दिवसही लागतात. जून २००४ नव्हे, तर जून २०२४ पासून लागू झालेल्या दरानुसार प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे व व्हिसा नाकारला गेल्यास ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमाही आवश्यक आहे. स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नसल्याने अर्जासोबत रद्द करता येण्याजोगे आरक्षण जोडावे आणि पक्के तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढावे. अशा कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुधा आसनाखाली मावणारी छोटी पिशवीच नेता येते. मोठ्या सामानाचा खर्च जमेस धरूनच दरांची तुलना करावी.

नाइट्सचे नगर

ऑटोमन सैन्याचा १५६५ मधील वेढा सेंट जॉनच्या नाइट्सनी परतवून लावला आणि पुढच्याच वर्षी ग्रँडमास्टर ला व्हॅलेट यांनी या तटबंदीच्या शहराची पायाभरणी केली. नगररचनाकार फ्रान्चेस्को लापारेल्ली यांनी डोंगरमाथ्यावर आखलेले सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आजही तसेच आहेत. १९८० मध्ये हे शहर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

सेंट जॉन कॅथीड्रलची जमीन नाइट्सच्या रंगीत संगमरवरी समाधिशिलांनी मढलेली आहे. कॅराव्हॅज्जिओचे १६०८ मधील सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र येथेच पाहता येते. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसल्याने शनिवार-रविवारची सहल आखणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

पाओला येथील हायपोजियम ही खडकात खोदलेली प्रागैतिहासिक दफनभूमी १९०२ मध्ये उजेडात आली. आतील वातावरण जपण्यासाठी तेथे एका वेळी मोजक्याच पर्यटकांना सोडतात. त्यामुळे विमानाचे तिकीट निघताच येथील प्रवेशाचे आरक्षण करणे श्रेयस्कर.

ज्येष्ठांसाठी

व्हॅलेटाचे अनेक रस्ते तीव्र उताराचे व पायऱ्यांचे आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मुक्काम नगरद्वाराजवळ शोधावा. बंदरातून वर येण्यासाठी अप्पर बराक्का उद्यानापर्यंत उद्वाहक आहे. जुलै-ऑगस्टमधील कडक ऊन टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडल्यास पायी फिरणे सुसह्य होते. रिकोटा चीज वा वाटाण्याचे सारण भरलेले ‘पास्तिझ्झी’ हा तेथील लोकप्रिय खाद्यपदार्थ आहे. त्याच्या आवरणात प्राण्यांची चरबी वापरली आहे का, हे शाकाहारी प्रवाशांनी विचारून घ्यावे.

तीन दिवसांत शहर, बंदरापलीकडील जुनी बिर्गू वसाहत व हायपोजियम निवांत पाहून होते. त्यासाठी व्हिसाच्या अर्जाची सुरुवात मात्र किमान तीन महिने आधी आणि घरूनच व्हायला हवी.