विश्लेषण : साथीचा नकाशा मिनिटांत तयार होतो, पण ठिपका टाकायचा कुठे?

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. बहुतांश रुग्ण नांदेड गावातील एका मोठ्या विहिरीच्या आसपासचे असल्याचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने सांगितले आणि सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे वळले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही 2021 मध्ये महापालिकेत आलेली गावे. रुग्ण कुठले हे कळले, की कुठले पाणी आधी तपासायचे हे ठरवता येते. असा नकाशा काढायला आज मोफत ऑनलाइन साधने आहेत. मग अडते कुठे?

नकाशा तयार कसा होतो?

गुगल माय मॅप्समध्ये एक्सेलची फाइल टाकली की काम होते. एका थरात 2,000 नोंदी बसतात. मोठ्या कामासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि खाली पसरायला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा.

खरी गडबड पत्त्यात होते. केसपेपरवर नुसते ‘सिंहगड रोड, पुणे’ लिहिले असेल, तर सॉफ्टवेअर असे सगळे रुग्ण रस्त्यावरच्या एकाच बिंदूवर टाकते. तिथे मोठी साथ असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तिथे एकही रुग्ण नसतो. भाडेकरू आणि विद्यार्थ्यांचा आधारवरचा पत्ता तर दुसऱ्याच जिल्ह्यातला असतो. त्यामुळे घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्याने मोबाइलवरून दारातच अक्षांश-रेखांश नोंदवणे केव्हाही चांगले. त्यासोबत एक प्रश्न हवाच : पिण्याचे पाणी कुठून येते? नळ, टँकर, जार की सोसायटीची बोअर? पुण्यात महापालिकेला खासगी आरओ प्रकल्पांवरही कारवाई करावी लागली होती. एकाच गल्लीतली दोन घरे वेगवेगळे पाणी पीत असतील, तर नुसत्या घराच्या ठिपक्यातून ते कळणार नाही.

जॉन स्नोने नेमके काय केले?

या विषयात लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचे नाव येतेच. 1854 मध्ये सोहो भागात कॉलरा पसरला. स्नो यांनी नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप दोषी ठरला, त्याचा दांडा काढला, साथ थांबली, अशी गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. दांडा 8 सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ ओसरू लागली होती आणि प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा. अधिकाऱ्यांना पटले ते स्नो यांनी घरोघरी विचारून जमवलेल्या माहितीमुळे.

या चौकशीत जिथे मृत्यू झाले नाहीत, त्या जागाही महत्त्वाच्या ठरल्या. पंपाजवळच्या मद्य कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाची स्वतःची विहीर होती, तिथे मृत्यू तुरळक होते. आपल्याकडचे नकाशे फक्त रुग्ण दाखवतात, निरोगी वस्ती दाखवत नाहीत. स्नोच्या नकाशाची नक्कल सगळे करतात, त्याच्या चौकशीची कोणी करत नाही.

ठिपके जास्त म्हणजे धोका जास्त?

नाही. समजा, 60 हजार वस्तीच्या भागात 12 रुग्ण आहेत आणि 6 हजार वस्तीच्या भागात 6. नकाशावर पहिला भाग भयंकर दिसेल. पण दर 10 हजारांमागे तिथे 2 रुग्ण आहेत, दुसरीकडे 10. पहिले पथक दुसरीकडेच जायला हवे. इथे पुन्हा अडचण येते. 2011 च्या जनगणनेचे आकडे शहरालगतच्या, झपाट्याने वाढलेल्या गावांना लागूच होत नाहीत. त्यापेक्षा उपग्रह चित्रावरून इमारती मोजून काढलेला अंदाज बरा.

हद्दीचाही घोळ आहे. रुग्णांची बेरीज प्रभागानुसार होते आणि पाणी मात्र टाकी व व्हॉल्व्हनुसार सुटते. एका टाकीचे पाणी दोन प्रभागांत जात असेल, तर रुग्ण दोन तक्त्यांत विभागले जातात आणि दोन्हीकडे आकडा किरकोळ दिसतो. म्हणून पाणीपुरवठा विभागाचा जलवाहिन्यांचा थर आणि क्लोरीन तपासणीच्या नोंदी त्याच नकाशावर हव्यात. अर्थात, त्यासाठी दोन खात्यांनी एकमेकांना फाइल द्यावी लागते.

हा नकाशा लोकांना दाखवावा का?

भागानुसार रंगवलेला जरूर दाखवावा, घरांवरचे ठिपके नकोत. मार्च 2020 मध्ये कर्नाटक सरकारने गृहविलगीकरणातील हजारो लोकांचे पत्ते जाहीर केले, तेव्हा त्यावर टीका झाली होती. छोट्या गावात नाव न लिहिताही एका ठिपक्यावरून रुग्ण ओळखू येतो. मूळ फाइल आरोग्य विभागाकडेच ठेवावी आणि माय मॅप्समध्ये ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय बंद आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे.