पाच ग्रॅम साखरेचा हिशेब

सहरीचा शेवटचा घोट घेतल्यापासून मगरीबच्या अजानपर्यंत तेरा-चौदा तास रोजेदाराच्या पोटात पाण्याचा थेंबही जात नाही. तरीही तो दुकान सांभाळतो, शाळेत शिकवतो, रिक्षा चालवतो. शरीर हे कसे निभावते, ते साध्या गुणाकारातून कळते.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर, म्हणजे 50 डेसिलिटर रक्त असते. दर डेसिलिटरमागे 100 मिलिग्रॅम साखर धरली, तर एकूण भरते 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाभरात जवळपास तेवढी साखर वापरतो. तरी ती संपत नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून लागेल तशी साखर रक्तात सोडत राहते.

अभियंत्याला यात पाण्याची टाकी दिसते. एक नळ भरणारा, दुसरा रिकामा करणारा आणि पातळी पाहून दोन्ही नळांवर ताबा ठेवणारे इन्सुलिन. अमेरिकेतील रिचर्ड बर्गमन आणि इटलीतील अभियंता क्लॉडिओ कोबेली यांनी सहकाऱ्यांसह 1979 मध्ये हा व्यवहार मोजक्या समीकरणांत मांडला. इन्सुलिनचा परिणाम थोडा उशिराने दिसतो, हेही त्यांनी हिशेबात धरले. पुढे पादुआ आणि व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांनी संगणकात 300 'रुग्ण' तयार केले. कृत्रिम स्वादुपिंडाच्या सुरुवातीच्या चाचण्या प्राण्यांऐवजी या रुग्णांवर करण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये मान्यता दिली.

इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या मधुमेहीच्या शरीरात मात्र हा ताबा आपोआप राहत नाही. सकाळी टोचलेले औषध दुपारीही साखर खाली ओढत असते आणि पोटातून नवी साखर येत नसते. म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा लागतो. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने गरिबाला जेवू घालावे.

तरीही घरातली वडीलधारी माणसे अनेकदा त्रास लपवतात. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या चाचांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तर शेजाऱ्यानेही संकोच करू नये. साखरपाण्याचा पेला पुढे करावा.