हात लावू देणारा दुकानदार

फोर्टातल्या सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २७ फेब्रुवारी २०१८ रोजी कायमचे बंद झाले. दुकान उभे करणारे टी. एन. शानभाग त्याआधी बरोबर नऊ वर्षांपूर्वी, २७ फेब्रुवारी २००९ रोजी गेले होते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाची, म्हणजे आपल्या मराठी भाषा गौरव दिनाचीही तारीख हीच. दुकान बंद होणार हे कळताच जुने वाचक शहराच्या कानाकोपऱ्यांतून आले, फळ्यांवर उरलेली पुस्तके घेऊन गेले, पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत आठवणी छापून आल्या. एका दुकानदारासाठी शहर इतके हळहळते, हे मला महत्त्वाचे वाटते. शानभागांनी पुस्तके लिहिली नव्हती. त्यांनी ती विकली होती, आणि कशी विकली हेच या लेखाचे कारण आहे.

आम्हा माटुंगेकरांना स्ट्रँड लांब नव्हते. मध्य रेल्वेने व्हीटीला उतरायचे, दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकाच्या दिशेने जायचे आणि मध्येच वळायचे. पण त्या वाटेला लागण्याआधीचे वाचनाचे शिक्षण माटुंग्यातच होत असे. किंग्ज सर्कलला, माहेश्वरी उद्यानाच्या आसपासच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे मांडून बसणारे विक्रेते ही आमची पहिली शाळा. त्यांचे गिऱ्हाईकही ठरलेले. व्हीजेटीआय १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आले. रुइया आणि खालसा ही दोन्ही महाविद्यालये १९३७ मध्ये सुरू झाली, पोदार १९४१ मध्ये. विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९४३ मध्ये इथे आला. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हा मोकळी हवा आणि बागा डोळ्यांपुढे होत्या. अर्ध्या शतकाच्या आत या बागांभोवती हजारो विद्यार्थी वावरू लागले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात नवे पाठ्यपुस्तक घेण्याइतके पैसे नव्हते. फूटपाथवरचा विक्रेता हे ओळखून होता. पुस्तक उचलून पाहा, चाळा, वर्षअखेरीस परत आणून द्या, काही पैसे वळते होतील, असा तो व्यवहार.

दोन पावलांवर, दादरच्या हिंदू कॉलनीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात ‘राजगृह’ बांधले. घर बांधताना त्यांच्या मनात राहण्याइतकाच ग्रंथसंग्रहाचा विचार होता. मुंबईतल्या ग्रंथविक्रेत्यांशी त्यांचा आयुष्यभर संबंध राहिला. फोर्टातल्या थॅकर कंपनीने त्यांचे काही ग्रंथ प्रसिद्धही केले. थॅकरसारखी ही दुकाने मोठी, इंग्रजी वळणाची होती. त्यांत काय नव्हते! पण दारातून आत जायला एक प्रकारचा धीर लागत असे. काचेच्या कपाटातले पुस्तक मागून घ्यायचे, आणि मागितले की घेतलेच पाहिजे, असा मूक दबाव असायचा.

शानभागांची सगळी गोष्ट त्या दबावातून सुरू होते. कर्नाटकाच्या किनारपट्टीकडून शिक्षणासाठी मुंबईत आलेला, सेंट झेवियर्समध्ये शिकणारा हा मुलगा एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तक चाळत होता. विकत घ्यायचे नसेल तर हात लावू नकोस, अशा अर्थाचे बोल त्याला ऐकावे लागले. हा प्रसंग ते पुढे मुलाखतींतून सांगत असत. अपमान अनेकांचे होतात. या माणसाने त्या अपमानातून एक दुकान काढले, आणि त्या दुकानाचा पहिला नियम असा ठेवला की पुस्तकाला कोणीही हात लावावा.

ते १९४८ साल होते. कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमाचे मालक केकी मोदी यांनी थिएटरच्या आवारात त्यांना छोटी जागा दिली. भांडवल ४५० रुपये. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते, म्हणजे चारेक तोळे सोन्याइतक्या पैशांवर हा संसार मांडला गेला. सिनेमा पाहायला आलेला माणूस मध्यंतरात पुस्तक घेऊन जाईल, ही कल्पनाच धाडसाची. ती चालली. काही वर्षांनी दुकान फोर्टात आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. नाव मात्र सिनेमाचेच राहिले.

इथे मला गिरगावची आठवण येते, कारण मराठी पुस्तकांच्या बाबतीत जवळजवळ हेच तिथे घडले. मॅजेस्टिक सिनेमा म्हणजे जिथे १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, ते थिएटर. त्याच्या शेजारी पुस्तके विकता विकता मॅजेस्टिक बुक स्टॉल उभे राहिले आणि केशवराव कोठावळे हे नाव मराठी ग्रंथव्यवहारात रुजले. त्यांनी १९६४ च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक सुरू केले. नवे कोणते पुस्तक आले, कोण काय लिहितो आहे, वाचकांना काय आवडले, हे सांगणारे मासिक एका विक्रेत्याला काढावेसे वाटले, यात त्याच्या धंद्याची सगळी समज आहे. जयवंत दळवींचा ‘ठणठणपाळ’ याच मासिकात अवतरला आणि वसंत सरवट्यांच्या रेषेने त्याला रूप दिले. लेखकांच्या टोप्या उडवणारे सदर पुस्तकविक्रेत्याच्या मासिकात चालले, कारण कोठावळ्यांना ठाऊक होते की लेखकाविषयी कुतूहल जागे झाले की वाचक पुस्तकापर्यंत येतोच. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये सुरू केलेला ‘दीपावली’ अंकही दलालांच्या मागे त्यांनीच सांभाळला. केशवराव १९८३ मध्ये गेले. स्ट्रँड आणि मॅजेस्टिक, दोन्ही थिएटरे आज नाहीत. मुंबईच्या वाचकांच्या तोंडी त्यांची नावे राहिली ती पुस्तकांच्या दुकानांमुळे.

पुन्हा शानभागांकडे येतो, कारण त्यांनी हिशेबात जे केले ते समजून घेण्याजोगे आहे. स्ट्रँडमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला छापील किमतीवर वीस टक्के सवलत मिळे. ओळखीची गरज नाही, सभासदत्व नाही, कॉलेजचे ओळखपत्र दाखवायला नको. आज ऑनलाइन सवलतींना सरावलेल्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. पण पुस्तकाच्या धंद्याचे गणित असे की किरकोळ विक्रेत्याला प्रकाशकाकडून किंवा आयातदाराकडून साधारण तीस-पस्तीस टक्के कमिशन मिळते. त्यातले वीस वाचकाला दिले तर उरलेल्यात जागेचे भाडे, नोकरांचे पगार, वीज, वाहतूक आणि न विकलेल्या पुस्तकांचा तोटा बसवायचा. हे जमवायचे तर दोनच मार्ग राहतात. एक, खूप विकायचे. दुसरा, मुळात खरेदीच इतकी नेमकी करायची की फळीवर धूळ खात पडणारे पुस्तक कमीत कमी असावे.

शानभागांनी दोन्ही केले, आणि दुसऱ्यात त्यांची खरी कमाल होती. परदेशी प्रकाशक न खपलेल्या प्रती कमी दरात काढून टाकतात. त्या ढिगातून कोणते पुस्तक मुंबईत वाचले जाईल हे ओळखणे, ते मोठ्या संख्येने आणणे आणि मूळ किमतीच्या अंशात विकणे, हा व्यापार करायला वाचलेला माणूस लागतो. चुकीचे शंभर गठ्ठे मागवले तर दुकान बुडते. सुंदराबाई हॉलमध्ये दरवर्षी भरणारे स्ट्रँडचे प्रदर्शन याच खरेदीच्या बळावर चाले. तिथे कलेवरचे जाडजूड, रंगीत छपाईचे ग्रंथ मध्यमवर्गीय माणूस पिशवीत घालून घरी नेऊ शकत असे. माटुंगा, दादर, गिरगाव इथल्या कितीतरी घरांत व्हॅन गॉग आणि शिल्पकलेचे इतिहास या वाटेने आले. ग्रंथालयांनी न केलेले काम एका व्यापाऱ्याने केले, असे मी जबाबदारीने म्हणतो.

बाहेरची परिस्थिती त्यांच्या बाजूची होती असेही नाही. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. १३ रुपये ३३ पैशांना मिळणारा पौंड २१ रुपयांवर गेला. एक पौंड किमतीचे इंग्रजी पुस्तक एका रात्रीत साडेसात रुपयांनी महागले, आणि ते ज्या पगारातून घ्यायचे तो पगार तेवढाच राहिला. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, बंदरात अडकलेली खोकी हे सगळे त्या पिढीच्या पुस्तकविक्रेत्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते. स्ट्रँडची वीस टक्के सवलत या काळातून तरून आली.

दुकानाचा आकार लहान होता. खाली फळ्या, वर पोटमाळा, मधे माणसांना एकमेकांना वाट करून द्यावी लागे. पण पुस्तकाचे नाव अर्धवट सांगितले, लेखकाचे आडनाव चुकवले, तरी माणूस बरोबर फळीकडे हात करी. असा सेवकवर्ग जाहिरात देऊन मिळत नाही. मालक स्वतः वाचत असेल, गिऱ्हाइकाशी पुस्तकावर बोलत असेल, तर काउंटरमागच्या माणसालाही कळते की आपण साबण विकत नाही. गिऱ्हाइकांत पंडित नेहरू होते, ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, इन्फोसिसचे नारायण मूर्ती होते. या नावांचा उल्लेख स्ट्रँडवरच्या प्रत्येक लेखात येतो आणि तो यायलाही हवा. माझ्या दृष्टीने जास्त मोलाची गोष्ट वेगळी आहे. रुइयाचा विद्यार्थी आणि राष्ट्रपती यांना त्या दुकानात वीसच टक्के सवलत होती आणि उभे राहून वाचायची मुभाही सारखीच होती.

भारत सरकारने २००३ मध्ये शानभागांना पद्मश्री दिली. पुस्तकविक्रीसाठी हा सन्मान मिळणे ही आपल्याकडे अपूर्वाईची गोष्ट. लेखक, प्रकाशक, समीक्षक यांचे सत्कार होतात. विक्रेत्याकडे आपण नफेखोर म्हणून पाहतो आणि त्याने दुकान बंद केले की मग संस्कृतीच्या नावाने गळा काढतो. हे मला मनापासून खटकते. लिहिलेले पुस्तक आणि वाचलेले पुस्तक यांच्या मधे एक माणूस उभा असतो. त्याची निवड, त्याची उधारी, त्याचा चुकलेला अंदाज यांवर एका पिढीने काय वाचले हे ठरते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत या माणसाला जागा जवळजवळ नाही.

स्ट्रँड का बंद पडले, याचे सोपे उत्तर ऑनलाइन विक्री हे आहे. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तके विकण्यापासूनच सुरू झाले, ॲमेझॉन २०१३ मध्ये भारतात आले. त्यांनी दिलेल्या सवलतींपुढे वीस टक्के फिके पडले. त्याआधी १९९२ पासून ‘क्रॉसवर्ड’सारखी प्रशस्त दुकाने आली होती, जिथे बसून वाचायची सोय होती. म्हणजे शानभागांनी चाळीसच्या दशकात जे दोन हक्क वाचकाला दिले, हात लावण्याचा आणि स्वस्तात घेण्याचा, ते दोन्ही पुढे बाजाराची रीत झाले. पण फोर्टही बदलत होता. कचेऱ्या बांद्रा-कुर्ला संकुलाकडे गेल्या, परळच्या गिरण्यांच्या जागी नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत स्ट्रँडमध्ये डोकावणारा कारकून, वकील, बँक अधिकारी कमी झाला. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्येच बंद झाले होते. शानभागांच्या कन्या विद्या विरकर यांनी बंगळूरुमध्ये स्ट्रँडची शाखा जिद्दीने चालवली आणि वडिलांची रीत तिथल्या वाचकांपर्यंत नेली. तरीही ज्या दुकानाचा आत्मा एका माणसाच्या निवडीत होता, ते त्या माणसाशिवाय नऊ वर्षे चालले हेच मला अधिक वाटते.

ऑनलाइन दुकान आपल्याला हवे असलेले पुस्तक घरी आणून देते आणि ते काम ते उत्तम करते. आपल्याला हवे आहे हे आपल्यालाच माहीत नसलेले पुस्तक मात्र फळीवर शेजारी ठेवलेले असावे लागते. शेजारी कोणते ठेवायचे, याची अक्कल शानभाग आणि कोठावळे यांच्याकडे होती. किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आजही पुस्तके मांडणाऱ्यांपैकी काहींकडे ती आहे. ‘बॅरन्स’ची परीक्षा-मार्गदर्शके आणि इंजिनीअरिंगची पाठ्यपुस्तके यांच्या गठ्ठ्यात एखादी चांगली कादंबरी वर ठेवलेली दिसते, ती उगाच तिथे नसते.

या विक्रेत्यांचा इतिहास लिहायचा तर साधने हवीत, आणि ती वाचकांच्या घरांत पडून आहेत. स्ट्रँडची जुनी बिले, प्रदर्शनांची पत्रके, मॅजेस्टिकच्या सूच्या, ‘ललित’चे सुरुवातीचे अंक, पुस्तकविक्रेत्यांनी लिहिलेली उत्तरे, पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवलेला दुकानाचा छोटा कागद, यांतले काही आपल्याकडे असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासून पुस्तके जपणारी संस्था. तिथे किंवा आपल्या गावच्या ग्रंथालयात चौकशी करा आणि हे कागद, कुठून कधी मिळाले त्याच्या चार ओळी लिहून, त्यांच्या स्वाधीन करा.