पोफळीची नवी वाडी आणि जुनी माती

श्रीवर्धनची रोठा सुपारी घरोघरच्या तबकांत पोंचलेली असली, तरी ती ज्या मातींतून येते तिचा विचार शहरांतील खाणारानें क्वचितच केलेला असतो. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ ताशीं सुमारें ११० किलोमीटर वेगानें या किनाऱ्यावर आदळलें आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. आंबा मोडला तर त्याला पुन्हां फूट येण्याची आशा असते. पोफळीची गोष्ट निराळी. तिचा वाढता कोंब एकच, आणि तो शेंड्यांत. शेंडा गेला कीं झाड गेलें.

म्हणून रोपें नव्यानें लावणें प्राप्त झालें. रोपास पहिलें फळ धरावयास पांच-सहा वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक लागतात. एवढ्या अवधीनंतर झाड खुरटें निघालें, तर तीं वर्षें वाडीवाल्यास कोणी परत देत नाहीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनांतच आहे. चांगलें रोप कसें निवडावें हें तेथें कळतें. माती मात्र ज्याची त्यानेंच सांभाळावयाची असते.

हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील सफरचंदाच्या बागाईतदारांस हा प्रश्न परिचित आहे. जुनी बाग काढून त्याच जागीं नवीं कलमें लाविलीं, तर तीं पुष्कळदां खुंटतात. खत कमी पडलें असें प्रथम वाटतें. परंतु तीच माती तापवून निर्जंतुक केली असतां रोपें जोमानें वाढतात, असें निरनिराळ्या देशांतील प्रयोगांत आढळलें. म्हणजे दोष मातींत जें जिवंत आहे त्याचा. जुन्या मुळांवर पोसलेल्या कांहीं बुरशी आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमि नव्या कोंवळ्या मुळांवर तुटून पडतात.

पोफळीचा वैरी निराळा, पण रीत तीच. गॅनोडर्मा नांवाची बुरशी मेलेल्या बुंध्यावर वर्षानुवर्षें जगते आणि मुळास मूळ लागलें कीं शेजारच्या झाडांत शिरते. पानें पिवळीं पडून लोंबूं लागतात, बुंध्याजवळ तपकिरी रस पाझरतो, आणि शेवटीं तेथें कठीण छत्र्या उगवतात. कानडी मुलखांत यास 'अणबे रोग' म्हणतात. अणबे म्हणजे अळंबें. छत्री दिसेपर्यंत झाड आंतून संपलेलें असतें. पडलेलें खोड तोडून नेणें सोपें, बुंधा मुळांसकट खणणें कष्टाचें व खर्चाचें. प्रत्येक बुंधा रोगी असतोच असें नाहीं. पण रोगी कोणता हें वरून ओळखणें कठीण. ज्यानें तो खर्च वांचविला त्यानें रोगास आसरा ठेवला असेंच समजावें, मग शेजारीं रोप कितीहि उत्तम असो.

मातींत मित्रहि असतात. एक जातीची बुरशी मुळांच्या आंत शिरून आपले तंतु बाहेर दूरवर पसरते, झाडास स्फुरद आणून देते आणि मोबदल्यांत साखर घेते. जिवंत मुळावांचून तिची वाढ होत नाहीं. वाडी पडून सावली गेली कीं रेताड जमीन तापते, मातींतील पालापाचोळ्याचा अंश झपाट्यानें नाहींसा होतो; मित्र उपाशी पडतो आणि मेलेल्या लांकडावर जगणाऱ्या शत्रूची चंगळ होते.

नव्या पोफळींमध्यें केळी लावण्याची कोंकणांतील जुनी चाल अशा वेळीं दुहेरी उपयोगाची ठरते. रोपास दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळतो, आणि केळीच्या मुळांवर ती उपकारक बुरशीहि तग धरते. मात्र केळीचा कंद कोठून आणला हें पाहिलें पाहिजे; तिच्या मुळांत बिळें करणारा एक सूत्रकृमि पोफळीसहि लागतो. कंद तासून, काळसर डागांचा भाग काढूनच लावावा. खड्ड्यांत कुजलेलें शेणखत व निंबोळी पेंड घालावी, आणि ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीवर जगणारी बुरशी त्या खतांत मिसळावी. तिची पूड कोरड्या वाळूंत नुसती टाकून कांहीं होत नाहीं. तिलाहि अन्न व ओल लागते. विऱ्या आणि झावळ्या जाळूं नयेत, कुजवून घालाव्यात. त्या कच्च्याच मुळाशीं पुरल्या, तर त्यांना कुजविणारे जंतु रोपाच्या वांट्याचें नत्र कांहीं काळ स्वतःच खातात आणि रोप पिवळें पडतें.